आयसीयूत अ‍ॅसिनेटोबॅक्टर निघाला, पेरॉक्साइडचं मशीन घ्यावं का?

सिंहगड रस्त्यावरच्या एका लहान हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी विचारलंय: सहा बेडचा आयसीयू आहे. व्हेंटिलेटरवरच्या दोन पेशंटच्या नळीतल्या स्रावात लागोपाठ अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला. मेरोपेनेमसकट सगळ्या अँटिबायोटिक्सपुढे 'रेझिस्टंट', कोलिस्टिनखेरीज हाताशी काही उरलं नाही. तेवढ्यात एका कंपनीचा माणूस हायड्रोजन पेरॉक्साइडचं मशीन दाखवून गेला, 'एका रात्रीत ९९.९९९९ टक्के जंतू साफ' म्हणाला. ट्रस्टी म्हणतात, घेऊन टाका. जुने सर्जन म्हणतात, कशाला, फॉर्मॅलिन (फॉर्माल्डिहाइडचं द्रावण) लावा, आम्ही जन्मभर तेच केलं. कोणाचं ऐकावं?

मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजी आणि इन्फेक्शन कंट्रोल या दोन्हीत बरीच वर्षं आहे. हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. माझं मत आधीच सांगते: पेरॉक्साइडची वाफ काम करते, त्यात शंका नाही. पण रिकाम्या, बंद आणि आधीच स्वच्छ केलेल्या खोलीत. तुमच्या आयसीयूत या तीनपैकी किती गोष्टी जमतात यावर सगळं अवलंबून आहे. आणि त्याच्याही आधी शोधायचंय ते हे, की पहिल्या पेशंटकडून दुसऱ्याकडे जंतू गेला कुठल्या वाटेने? ती वाट सापडल्याशिवाय मशीन घेतलंत तर दोन महिन्यांनी तिसरा रिपोर्ट येईल आणि मशीन कोपऱ्यात कव्हर घालून पडेल.

एक गैरसमज आधी दूर करू. सगळ्या औषधांना पुरून उरलेला जंतू जंतुनाशकालाही पुरून उरणार, अशी धास्ती नातेवाइकांनाच काय, डॉक्टरांनाही असते. मेरोपेनेम जंतूची पेशीभित्ती बांधणाऱ्या प्रथिनांना अडवतं. आपल्याकडचे अ‍ॅसिनेटोबॅक्टर बहुतेक वेळा ओएक्सए-२३ किंवा एनडीएम जातीचं एन्झाइम बनवून ते औषधच तोडून टाकतात. पेरॉक्साइडचा मारा असा एका जागी नसतो. त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए सगळ्यावर तुटून पडतात. त्यामुळे रेझिस्टंट आणि साधा, वाफेपुढे दोघे जवळपास सारखेच. अडचण येते ती दुसरीकडून. अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकॉकस यांच्याकडे कॅटलेज असतं आणि ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वाळलेल्या कफाच्या किंवा रक्ताच्या थराखाली हे जंतू दाटीने बसले असतील, तर वाफ तळाशी पोचेपर्यंत तिचा जोर संपलेला असतो. आधी घासून पुसण्याचा आग्रह धरतात तो यासाठी. न घासलेलं खरकटं भांडं नुसतं उकळत्या पाण्यात बुडवून कोणी ताटाला घेत नाही, तसंच हे.

मग वाफ हवीच कशाला, नीट पुसलं की झालं, असंही म्हणता येत नाही. हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर फार टिकतात. २००६ सालच्या एका मोठ्या आढाव्यात अ‍ॅसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत, आणि क्लेब्सिएला २ तासांपासून ३० महिन्यांहून अधिक काळ जगल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे होळीला डिस्चार्ज झालेल्या पेशंटचा जंतू श्रावणात त्याच बेडच्या दांड्यावर सापडू शकतो. हाताने पुसण्यालाही मर्यादा आहे. लंडनमधल्या २००४ सालच्या एका अभ्यासात एमआरएसएच्या, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या, पेशंटच्या खोल्यांमधले ७४ टक्के स्वॅब पॉझिटिव्ह होते. पेशंट खोलीतून हलल्यावरची नेहमीची (टर्मिनल) सफाई झाल्यावरही ६६ टक्के पॉझिटिव्ह राहिले. तशाच खोल्यांत पेरॉक्साइडची वाफ सोडल्यावर १.२ टक्के. हे आकडे पाहिले की कंपनीचा माणूस इतका छातीठोक का बोलतो ते कळतं.

तो दोन गोष्टी मात्र सांगत नाही. इंग्लंडमधल्याच एका आयसीयूत अशी वाफ सोडून झाल्यावर पेशंट परत आणले आणि २४ तासांच्या आत एमआरएसए पुन्हा पृष्ठभागांवर सापडला. तो अभ्यास २००७ साली छापून आला. कारण उघड आहे: जंतू पेशंटच्या अंगावर आणि आपल्या हातांवर परत आला. दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सची, २०१३ सालची. वाफ दिलेल्या खोल्यांमध्ये दाखल झालेल्यांना कुठलाही बहुऔषधरोधक जंतू लागण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी निघालं. आकडा मोठा आहे, पण त्यातला मुख्य वाटा व्हीआरईचा, म्हणजे व्हॅन्कोमायसिन या औषधाला न जुमानणाऱ्या एन्टरोकॉकस जंतूचा होता. अ‍ॅसिनेटोबॅक्टर ज्या गटात येतो त्या रेझिस्टंट ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठी फरक दिसला, तरी संख्याशास्त्राच्या कसोटीला पक्का उतरला नाही. शिवाय तिथे एक पेशंट गेला की त्याची खोली बंद करून वाफ द्यायची सोय होती. तुमचा सहा बेडचा एकच हॉल आहे, त्यात एक ना एक पेशंट कायम असणार.

आता त्या ९९.९९९९ बद्दल. सहा नऊ म्हणजे दहा लाखांतला एक उरला. ही चाचणी स्टीलच्या स्वच्छ पट्टीवर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या निरुपद्रवी जंतूचे बीजाणू (त्याची कडक कवचातली, मारायला अवघड रूपं) वाळवून करतात. आकडा खोटा नाही, पण तो त्या पट्टीचा आहे. तुमच्या बेडच्या खालच्या अँगलवर चिकटलेल्या फीडच्या डागाचा नाही.

आता वायू कोणता. सर्जनसाहेबांचा फॉर्मॅलिन जंतू मारतो, हे त्यांचं बरोबर आहे. तापमान बरं असलं आणि हवेत ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली तर बीजाणूसुद्धा मारतो. पण २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याचा पांढरा थर पृष्ठभागांवर बसतो आणि नंतर कितीतरी वेळ वायू सोडत राहतो. अमोनियाने त्याचा जोर मारला तरी सकाळी ओटी उघडणाऱ्या मावशीच्या डोळ्यांतून पाणी येतंच. पोटॅशियम परमँगनेटवर फॉर्मॅलिन ओतायची जुनी रीत तर आगीलाच आमंत्रण. त्या काळी ओटी चांगली राहायची याचं श्रेय मी वायूला कमी आणि त्याच्या निमित्ताला जास्त देते: फ्युमिगेशन (बंद खोलीत वायू सोडणं) आहे म्हणून ओटी अख्खी रिकामी व्हायची, भिंतीपासून दिव्यापर्यंत धुतली जायची आणि रात्रभर तिथे कोणी फिरकायचं नाही.

ओझोनची छोटी मशीनं कोविडनंतर फार खपली. आयसीयूसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नका. माणसासाठी कामाच्या ठिकाणी ०.१ पीपीएम (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) ही मर्यादा आहे. जंतू मारायला त्याच्या कितीतरी पट वायू आणि भरपूर आर्द्रता लागते, आणि रबराला तो भेगा पाडतो. व्हेंटिलेटरचे गॅस्केट, मास्क, कफ सगळं रबर तिथेच आहे. क्लोरीन डायऑक्साइड प्रभावी आहे. २००१ साली वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या कार्यालयांची इमारत अँथ्रॅक्सपासून साफ करायला तोच वापरला. पण तो धातू खातो आणि तुमच्या आकाराच्या हॉस्पिटलला झेपणारा नाही. ईटीओ, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूबद्दलही विचारणारे असतात. तो उपकरणांच्या बंद चेंबरसाठी आहे, खोलीसाठी कधीच नाही. पेट घेतो आणि कर्करोगकारकही आहे.

राहिलं पेरॉक्साइड. इथे त्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा: वाफ की धुकं? एका प्रकारात ३० ते ३५ टक्के पेरॉक्साइड तापवून खरा वायू करतात. तो बेडच्या खाली, मॉनिटरच्या मागे सगळीकडे सारखा पसरतो. दुसऱ्यात ५ ते ७ टक्क्यांचं द्रावण, कधी चांदीचे आयन घालून, बारीक थेंबांच्या रूपात फवारतात. हे स्वस्त असतं, पण थेंब शेवटी खाली बसतात आणि आडोशाच्या जागा सुटतात. आणि आपल्याकडे 'पेरॉक्साइड-सिल्व्हरचं फ्युमिगेशन' म्हणून बहुतेक ठिकाणी जे चालतं ते या दोन्हींत बसत नाही. तो साधा फॉगर असतो: वॉर्डबॉय दारात उभा राहून दहा मिनिटं फवारतो आणि रजिस्टरवर सही होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने रोजच्या वापरासाठी असं फॉगिंग करू नका असं केव्हाच सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली कोविडच्या वेळीही तेच सांगितलं.

आता तुमची खोली. पुण्यातली कितीतरी लहान हॉस्पिटलं मुळात बंगले होते. आयसीयू म्हणजे पूर्वीचा हॉल, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचं पार्टिशन, वर फॉल्स सीलिंग. पार्टिशन स्लॅबपर्यंत जातं की सीलिंगच्या खालीच थांबतं, ते स्टुलावर चढून स्वतः बघा. थांबत असेल तर अर्ध्या आयसीयूत वाफ देऊन अर्ध्यात पेशंट ठेवायचा बेत तिथेच रद्द. वाफ वरून पलीकडे जाणार. एसी डक्टचा असेल तर ती डक्टमधून दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. एक्झॉस्ट फॅनचं भोक, एसीच्या पाण्याच्या पाइपची फट, दाराखालची जागा, सगळीकडे चिकटपट्टी लागते. पेरॉक्साइडची कामाच्या ठिकाणची मर्यादा १ पीपीएम आहे, आणि खोलीत चालू असताना ते काहीशे पीपीएमवर असतं. नाकाला ते वेळेवर कळत नाही. म्हणून दाराबाहेर मीटर हवा आणि आत जायची परवानगी मीटर देईल, घड्याळ नाही. स्मोक डिटेक्टर झाकावे लागतात, नाहीतर अलार्म वाजतो. ते परत उघडायची जबाबदारी एकाच्याच नावावर लिहा.

आतून कागद, पुठ्ठ्याची खोकी, केस पेपर, सुती पडदे, टिश्यू सगळं बाहेर काढा. सेल्युलोज पेरॉक्साइड शोषून घेतो, म्हणजे जंतूंसाठी सोडलेली वाफ फायलीच पिऊन टाकतात. ओली फरशीसुद्धा तेच करते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल धरते, आणि एसी बंद करून खोली सील केली की आर्द्रता आणखी चढते. धुक्याच्या मशीनचे थेंब अशा वेळी लवकर भरून खाली बसतात. तेव्हा पुसल्यावर खोली नीट वाळू द्या. मशीनच्या माहितीपुस्तकात आर्द्रतेची मर्यादा दिलेली असते. डेमो मे महिन्यात झाला असेल तर पावसाळ्यात पुन्हा मागा.

डेमोच्या वेळी बीजाणूंच्या पट्ट्या तुम्ही ठेवा, कंपनीच्या माणसाला ठेवू देऊ नका. तो त्या टेबलावर मशीनसमोर ठेवतो. तुम्ही एक बेडच्या गादीखालच्या पत्र्यावर ठेवा, एक मॉनिटरच्या मागे, एक लॉकरच्या अर्ध्या उघड्या ड्रॉवरमध्ये. मग त्या आपल्या लॅबला द्या, ५५ ते ६० अंशांना आठवडाभर ठेवून वाढ होते का ते पाहतील. रंग बदलणारी रासायनिक पट्टी फक्त वाफ तिथवर पोचली एवढंच सांगते, जंतू मेले का ते नाही.

हे झालं वायूचं. खरी मेहनत त्याच्या आधीची, आणि तिचा खर्च फार थोडा आहे. बाजारात फ्लुओरेसंट जेल मिळतं. दुपारी कोणाला न सांगता त्याचे ठिपके हात लागतात त्या जागी लावा: बेडच्या कठड्याची आतली बाजू, व्हेंटिलेटरची नॉब, मॉनिटरचं 'सायलेन्स' बटण, सिरिंज पंप, सक्शनचा नॉब, दाराची कडी. वाळल्यावर दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळची सफाई झाली की अंधार करून यूव्ही टॉर्च मारा. एका हॉस्पिटलात मी हे केलं तेव्हा फरशी आरशासारखी होती, लॉकरही स्वच्छ, आणि मॉनिटरचं बटण निळंशार चमकत होतं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मशीनला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे, मॅडम." सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "पुसायचं काम मावशींचं." दोघींचंही खरं होतं, आणि त्या दोघींच्या मधल्या जागेत अ‍ॅसिनेटोबॅक्टरची उत्तम सोय झाली होती. कुठली वस्तू कोण पुसणार याचा एक कागद बेडपाशी लावला की ही सोय मोडते. टॉर्चचा निकाल मात्र शिक्षेसाठी वापरू नका. एकदा कोणाचा पगार कापलात की पुढच्या वेळी ठिपके तेवढे पुसले जातील आणि बाकी सगळं तसंच राहील.

गाद्या तपासा. रेक्झिनच्या शिवणीला चीर गेली असेल तिथे हाताने दाबा. आतला फोम ओलसर लागला तर ती गादी फेका. फोमच्या आत कुठलाही वायू भरवशाने पोचत नाही. बेसिनकडे बघा. नाल्याच्या वळणात जे पाणी साठतं त्यात जंतूंचा चिकट थर असतो, त्यालाही वाफ शिवत नाही. हात धुण्याच्या बेसिनमध्ये सक्शनची बाटली ओतत असतील तर ते आजच थांबवा, आणि बेसिनच्या शेजारी औषधं भरायची ट्रॉली असेल तर हलवा. मग फिरत्या वस्तू: सहा बेडना मिळून एकच बीपी कफ, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), ईसीजीच्या लीड, सोनोग्राफीचा प्रोब, बाहेरून येणारं पोर्टेबल एक्स-रे मशीन. एक्स-रेवाला कॅसेट पाठीखाली सरकवतो, काढतो, पुढच्या बेडकडे जातो. तुम्ही आयसीयूला वाफ द्याल तेव्हा ते मशीन तिथे नसेलच.

पुसण्याबद्दल थोडं. आधी डिटर्जंटने घाण काढा, मग हायपोक्लोराइट (ब्लीच): पृष्ठभागांना ०.१ टक्का, रक्त सांडलं तिथे १ टक्का. रोज ताजं करा, कॅन उन्हात ठेवू नका, पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या. धातूचा भाग नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर गंजेल. मॉनिटर आणि पंपाच्या स्क्रीनला हायपोक्लोराइट नको, कंपनीने सांगितलेले वाइप्स वापरा. एका बेडला एक फडकं. तेच फडकं पुढच्या बेडला गेलं तर आपणच जंतू वाटत फिरतो.

आता तुमच्या निर्णयाकडे येते. मी तुमच्या जागी असते तर आज मशीन घेतलं नसतं. ते दोन्ही पेशंट अजून असतील तर शेजारच्या दोन बेडवर एका टोकाला आणा, त्यांना प्रत्येक शिफ्टला वेगळी सिस्टर द्या, त्यांची उपकरणं तिकडेच अडकवा. ते आयसीयूतून हलले की नवीन दाखले दोन दिवस थांबवता येतात का ते बघा. रेफर करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवलंत तर हे जमतं. आयसीयू पूर्ण रिकामा करून वरची सगळी सफाई करा आणि मग एकदा वाफ द्या, भाड्याने. औषधनिर्मितीत क्लीनरूम आणि आयसोलेटरसाठी हीच वाफ वापरतात, आणि पुण्याच्या आसपास औषध कंपन्यांना तोटा नाही. त्यांना सेवा देणारे हॉस्पिटलचं काम घेतात का ते विचारा.

विकत घेणं कुठे शहाणपणाचं? जिथे दरवाजा लावून बंद होणाऱ्या वेगळ्या खोल्या आहेत, खोली काही तास रिकामी ठेवणं परवडतं आणि मशीन चालवायला पगारावरचा शिकवलेला माणूस आहे, तिथे. रात्री दोनला कॅज्युअल्टीत पेशंट बेडची वाट बघत असताना 'सायकल पूर्ण होऊ दे' असं म्हणायची हिंमत ड्युटीवरच्या सिस्टरला असेल का, हे ट्रस्टींनी स्वतःला विचारावं. नसेल तर मशीन असूनही वापरलं जाणार नाही. आणि एखाद्या हॉस्पिटलात हात चोळायच्या सॅनिटायझरच्या बाटल्याच बेडपाशी नसतील, तर मशीनसाठी ठेवलेल्या पैशांतले काही हजार आधी तिकडे वळवा.

यातलं बरंच तुमची खोली न बघता लिहिलंय, त्यामुळे पार्टिशन आणि एसीबद्दल जे निघेल त्यावर माझा सल्ला बदलू शकतो. भिंतींचे सरसकट स्वॅब घेत सुटू नका, पैसे जातात आणि काय निघालं याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. त्याऐवजी कागदावर सहा बेड काढा आणि गेल्या दोन महिन्यांत कोण कुठल्या तारखेला कुठे होतं, व्हेंटिलेटर कुठला होता ते लिहा. मग लॅबला फोन करा. त्या दोन पेशंटचे लॅबमध्ये वाढवलेले जंतू अजून टाकले नसतील तर जपून ठेवायला सांगा. दोन्ही रिपोर्ट सारखे दिसतात यावरून जंतू एकच आहे असं ठरत नाही, ते पाहायला जंतूच लागतात, आणि बऱ्याच लॅब आठवड्याभरात प्लेटा टाकून देतात.